धवल्याच्या चालीवरचं स्पेलिंग

आमच्या तळवलीत कुणालाही विचारा, स्पेलिंगवाली काकी कुठं राहते, तो तुम्हाला थेट आमच्या दारात आणून सोडेल. मला कुणी ओळखत नाही. मी नामदेव, तिचा नवरा. केमिकल कंपनीत बॉयलरवर जन्म काढला, बापाच्या जागेवर बिल्डिंग उभी केली, आता भाडेकरू सांभाळतो आणि पाण्याच्या मोटारीवरून रोज कुणा ना कुणाशी भांडतो. तरी गावात ओळख काय, तर काकींचे मिस्टर. असो. भांडून उपयोग नाही, हे तेवढं एकच भांडण मी सोडून दिलंय.

भागीरथी मूळची जासईची. तिची आई धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी नंतर, आधी धवलारीण, म्हणजे धवले ही लग्नाची गाणी म्हणणारी, लागते. ती एक ओळ म्हणते, मागं बसलेल्या बायका तीच ओळ उचलतात, मग ती पुढची म्हणते. ढोल नाही, ताशा नाही, एकच लांबट सूर. ऐकता ऐकता डोळे जड होतात. आधी देवांना आवतण देतात. मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं हाक मारून मांडवात बोलावतात. भागीरथी लहानपणी आईच्या मागं बसून ओळ उचलायची, त्यामुळे तो सूर तिच्या हाडात मुरलेला.

दहावीला पोरगी इंग्रजीत आपटली. पुन्हा बसली, पुन्हा आपटली. ‘नेसेसरी’ हा शब्द तिच्या जिवावर उठला होता म्हणे. सी किती, एस किती, दर वेळी गोंधळ. मग एका दुपारी मिठागराच्या बांधावर बसून तिनं ते स्पेलिंग धवल्याच्या चालीवर घातलं. एक सी, दोन एस. बसलं ते बसलं. त्याच चालीवर तिनं ‘टुमॉरो’तला एक एम आणि दोन आर बसवले, ‘रिसीव्ह’मध्ये सीच्या मागं आधी ई आणि मग आय बसवला, आणि पास झाली. टायपिंग शिकली, आमच्या रोडवरच्या एका कंपनीत डिस्पॅचला चिकटली. आमची सोयरीक झाली तेव्हा सासूबाई मला ठणकावून म्हणाल्या होत्या की, पोरीला मच्छी नीट साफ करता येत नाही, पण ‘अ‍ॅड्रेस’मध्ये दोन डी असतात हे तिला कुणी सांगायला नको. सासूबाईंना स्वतःची सही येत नव्हती.

पुढं कंपनी बंद पडली आणि भागीरथीनं आमच्याच तळमजल्यावरच्या गाळ्यात क्लास काढला. संध्याकाळी चार वाजता गाळ्यात चटया पडायच्या. भाडेकरूंची पोरं यायची, यूपीची, साताऱ्याची, कोकणातली, सगळा खिचडा. ती शब्द म्हणायची, एकेक अक्षर ओढून, आणि पोरं मागून उचलायची. हल्लीची पोरं सांगायची की काकी, मोबाईल आपोआप दुरुस्त करतो, कशाला पाठ करायचं. त्यावर ही म्हणायची, मोबाईलला काय कळतंय तुला काय म्हणायचंय ते. ‘क्वाएट’ म्हणजे गप्प आणि ‘क्वाइट’ म्हणजे बऱ्यापैकी, ई आणि टी यांची जागा बदलली की गप्प बसणारा माणूस बऱ्यापैकी होतो, आणि तुझा मोबाईल दोन्हीला मान डोलावतो. बाजारात जायची तरी हिचं लक्ष भाजीवर नाही, पाट्यांवर. घणसोलीतल्या एका दुकानाच्या पाटीवर ‘स्टेशनरी’ ए घालून लिहिलंय म्हणून तिथून साधी पेन्सिल घेतली नाही. कागद-पेनाची ती ई-वाली, ए-वाली म्हणजे जागच्या जागी उभी असलेली. दुकानदाराला ती हे समजावत बसली आणि मी उन्हात पिशव्या धरून उभा. अशा बाईबरोबर मी संसार केलाय.

तिचा एक नियम होता, जो मला तेव्हा नुसता आचरटपणा वाटायचा. त्या चालीवर शब्द म्हणायचे, माणसांची नावं म्हणायची नाहीत. पोरांना स्वतःच्या नावाचं स्पेलिंग गाऊन बघायची फार हौस. कुणी सुरू केलं की ही चटकन हात वर करून थांबवायची. नाव शाळेत शिका, इथं नको.

आमची एकच मुलगी, प्रिया. उरणजवळ मोऱ्याला दिली होती, कोळ्यांच्या घरात. जावई अंकुर बोटीवर कामाला, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. साध्या तापाचं निमित्त झालं आणि प्रिया गेली. त्यावर मी जास्त बोलणार नाही, बोललो तर आज पुढचं सांगता येणार नाही. तिची मुलगी उन्नती आमच्याकडे राहायला आली, इथल्या शाळेत तिसरीत घातली. पोरगी रडली नाही, हट्ट केला नाही. नुसती आजीच्या मागं चटईवर बसायची आणि ओळ उचलायची. तिचा सूर असा लागायचा की भागीरथीच्या अंगावर काटा यायचा. धवलारीण पणजीचा गळा पोरीत उतरलाय म्हणून आम्हाला बरंच वाटलं.

पहिली गोष्ट घडली ती इतकी साधी की मी हसलो होतो. क्लास चालू होता, मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची संघमित्रा, पाचेक वर्षांची, उन्नतीच्या शेजारी बसायची. ती बसल्या बसल्या सरकली. मग आणखी सरकली, चटईवरून खाली फरशीवर आली. भागीरथीनं विचारलं, खाली का बसलीस गो, तर ती म्हणाली, मधल्या ताईला जागा पाहिजे ना. मधे बघितलं तर कुणी नव्हतं. उन्नती मात्र त्या रिकाम्या जागेला टेकून बसल्यासारखी बसली होती. तुम्ही कधी हवेला टेकून बसून बघा, पडाल.

मग आवाज. पोरं ओळ उचलायची आणि थांबायची, पण शेवटचं अक्षर जरा उशिरा कुणीतरी म्हणायचं. मोठ्या बाईचा आवाज, हळू. मी म्हटलं, गाळा रिकामा, भिंतींना प्लास्टर गुळगुळीत, घुमतं. बॉयलरवर राबलेला माणूस मी, प्रत्येक आवाजाचं कारण शोधायची सवय. भिंतीला कान लावून बसलो, पाइप तपासले, वरच्या भाडेकरूला विनाकारण झापलं. आवाज यायचा तो येतच राहिला.

इकडे पोरगी सुकायला लागली. ताटातलं अर्धं कुणासाठी तरी बाजूला काढून ठेवायची. गालफडं बसली, हाताची मनगटं काडीसारखी झाली. डॉक्टरनं रक्त तपासलं, फोटो काढले, काही निघेना. शाळेतून फोन आला की वर्गात ती बाजूच्या बाकाशी बोलत असते. मी देवाला हात जोडणारा माणूस नाही, पण त्या दिवसांत रोज गावदेवीपुढं उभा राहायचो. एक गेली, आता ही जाते की काय, दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि मग ‘सेपरेट’चा दिवस. हा शब्द लोक फार चुकवतात. मधे ए आहे, लोक ई घालतात. प्रियाही घालायची. लहानपणी याच गाळ्यात, याच आईसमोर, दर वेळी एस, ई, पी आणि मग ठामपणे ई. बोलणी खायची, मार खायची, पण ई सोडायची नाही. कॉलेजात गेली तरी आईला चिडवायला मुद्दाम तसंच म्हणायची. त्या दिवशी भागीरथीनं ‘सेपरेट’ घेतलं, पोरांनी उचललं, पी झाला, सगळ्यांनी ए म्हटलं, आणि मागून तो आवाज आला. ई.

मी दारातून आत बघितलं. भागीरथीच्या हातून कधी कुणाची चूक सुटलेली मी पाहिली नाही. समोर मंत्री असता तरी तिनं थांबवून सुधारलं असतं. ती चूक तिनं ऐकली. तिचा हात वर आला, तसाच हळूहळू खाली गेला, आणि ती पुढच्या अक्षरावर गेली. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला तिची भीती वाटली. म्हणजे हिला सगळं माहीत होतं. कधीपासूनचं.

पोरं गेल्यावर मी दार लावलं आणि तिच्यावर तोंड सोडलं. काय चाललंय ते मला खरं सांग, नाहीतर उद्याच्या उद्या हा गाळा मी गोडाऊनला देतो. ती चटया गुंडाळायला लागली. मग उन्नतीच बोलली. बाईंनी शाळेत आईवडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाठ करून यायला सांगितलं होतं. वडिलांचं तिला येत होतं. आईचं पाठ होईना, म्हणून ती दुपारी गच्चीवर गेली. आमची जुनी पाण्याची टाकी तिथं रिकामी पडली आहे. पोरीनं टाकीत डोकं घातलं आणि आजीच्या चालीवर आईचं नाव म्हणायला लागली. एकेक अक्षर. टाकी घुमायची, मागची ओळ टाकीच उचलायची. पोरीला मजा वाटली. असं रोज चाललं. मग एक दिवस तिनं तोंड उघडायच्या आधीच टाकीतून पहिलं अक्षर आलं.

“मग आई खाली आली,” उन्नती म्हणाली. “आता ती क्लासला बसते. ती बोलते, चल.”

आता भागीरथी बोलली. सासूबाईंची शिकवण अशी, की धवल्यात नावानं बोलावलेलं माणूस येतंच. मांडवात येतं, पोरांवर हात फिरवतं. पण लग्न लागलं की त्याची बोळवण करायची. उंबऱ्यात तांदळाचा चवूक, म्हणजे चौकोनी रांगोळी, काढायचा, दाराकडं तोंड करून त्याच सुरात निरोप द्यायचा, तांदूळ उधळायचे आणि मागं न बघता फिरायचं. ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं पाठवायचं, दुसऱ्या कुणाचं ते ऐकत नाही. आणि बोळवण राहिली तर ते माणूस थांबून थांबून कंटाळतं. मग एकटं जात नाही.

मी विचारलं, हे ठाऊक असताना तू पोरीकडून अजून बोळवण का करून घेतली नाहीस? तिनं पदर तोंडाला लावला.

“अवो, माजी पोर हाय ती,” ती म्हणाली. “रोज वाटतं, आजचा एक दिवस आवाज आयकू दे. उद्या सांगते उन्नतीला.”

मी तिला नाही नाही ते बोललो. तुझ्या उद्यापायी ही पोरगी जाईल म्हणालो. ती रडत होती आणि मी बोलतच होतो. राग तिचा नव्हताच, मलाही तो आवाज हवा होता, म्हणून मी जास्त चिडलो होतो. शेवटी तिनं कबूल केलं. पण उन्नती कबूल होईना. आईला जा म्हणून मी सांगणार नाही, असं म्हणून ती कोपऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी आली नाही. मी चप्पल न घालता धावलो. सर्व्हिस रोडला नव्हती, बागेत नव्हती. गावाच्या मागं खाडीकडं जाणारी वाट आहे, तिथं सापडली. भर ऊन होतं. पाठीवर दप्तर, बूट काढून एका हातात धरलेले. दुसरा हात खांद्याच्या वर उचललेला, मुठीत काहीतरी धरल्यासारखा. मोठ्या माणसाचा हात धरून लहान मूल चालतं ना, तशी ती चालली होती. माझी हाक ऐकून थांबली, वर बघितलं, आणि वरच्या कुणाला तरी म्हणाली, आजोबा आले. मी तिला उचलून छातीशी धरलं. तिचा तो हात सुटता सुटेना. पलीकडून कुणी ओढत होतं असं म्हणणार नाही मी, पण दांडगाईनं सोडवावा लागला. वजन तर काहीच राहिलं नव्हतं पोरीत.

घरी आलो तेव्हा भागीरथीनं आम्हाला बघितलं. सरळ डब्यातून तांदूळ काढले आणि गाळ्याच्या उंबऱ्यात चवूक भरायला बसली. रेघ एक वाकडी गेली नाही. मग पोरीला पुढ्यात घेतलं. त्या दिवशी ती जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण आमची पोरगी त्यावरच वाचली.

“तुज्या आईला मी नऊ महिने पोटात वागवलीय. तुज्यापेक्षा मला ती जास्त पायजे. पन ती इथं अडकून राहिली तर ती तुजी आई राहनार नाय, नुसती भूक राहील. आपन तिला घालवत नाय. पाहुनी म्हनून आली, पाहुनीसारखी पोचवायची.”

“परत कधी येईल?” उन्नतीनं विचारलं.

“तुज्या लग्नात. तवा मी हाय नाय कोन जानतो, पन धवला म्हननारी ठरवून ठेवीन मी. नावानं बोलवायची, मानानं बसवायची आन त्याच दिवशी पोचवायची.”

पोरगी उठून दाराकडं तोंड करून उभी राहिली. भागीरथी ओळ हळूच सांगत गेली, उन्नती म्हणत गेली. आयलीस तशी जा गो बाय, खाल्लास पिलास, वाट मोकली हाय. शेवटी आईचं नाव, एकेक अक्षर, स्पेलिंग न चुकता. तिनं तांदूळ उधळले. ते अंगणात पडलेले दिसले, पण पडल्याचा आवाज काही आला नाही. इतका वेळ गाळ्यात काहीतरी दाटून होतं, ते दाटून होतं हे ते गेल्यावर कळलं. पोरगी मागं न बघता फिरली, आजीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा भोकाड पसरून रडली. आम्ही तिला रडू दिलं. मग तिनं सुकटाचं कालवण आणि भाकरी खाल्ली, सगळं ताट.

त्यानंतर ती भराभर सुधारली. गालांवर मांस आलं, बिल्डिंगच्या पोरांशी सायकलवरून भांडायला लागली, आणि ते भांडण मी कौतुकानं बघत बसायचो. गच्चीवरची टाकी मी फोडून भंगारात दिली. क्लास पुन्हा सुरू झाला. पोरं अक्षरं उचलायची आणि जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबायची. नंतर काही येत नव्हतं.

मे महिन्यात अंकुर बोटीवरून आला आणि उन्नतीला सुट्टीभर मोऱ्याला घेऊन गेला. पोरगी जाताना हसत गेली. क्लासलाही सुट्टी होती. त्या आठवड्यातली गोष्ट. मी मोटारीचा वॉल्व्ह आणायला बाजारात गेलो होतो, तो परत आलो तर गाळ्याचं दार अर्धं उघडं. आत एकच चटई अंथरलेली, तिच्यापुढं भागीरथी. पाठ माझ्याकडं. उंबऱ्याजवळ चवूक भरून तयार होता, म्हणजे बोळवणीची तयारी तिनं आधी करून ठेवली होती. आणि त्या सुरात, ओढून, ती प्रियाच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या मुश्किलीनं पोरगी हाती लागली आणि ही बया पुन्हा तेच घेऊन बसली. ओरडायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती अक्षर म्हणून थांबली होती. धवला एकटीनं होत नाही, मागची ओळ कुणीतरी उचलावी लागते. तिच्यामागं कुणी नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. तिची मान थोडी तिरकी झाली होती, उत्तराची वाट बघताना होते तशी.

नात खाडीपलीकडे बापाजवळ सुखरूप होती. घरात आम्ही दोघंच, पिकली पानं. बोळवण करताना कमीजास्त झालंच आणि प्रिया एकटी जाईना, तर तिला सोबत न्यायला मी आहे.

मी वॉल्व्ह खाली ठेवला, चपला काढल्या आणि आत जाऊन भागीरथीच्या मागं चटईवर बसलो. तिनं वळून बघितलं नाही. तिनं अक्षर म्हटलं, आणि मी उचललं.